टायटलमध्ये नाव नसलेली माणसं : चित्रपट-माध्यमांतल्या व्यक्तीची जीवननोंद कशी तयार करावी

‘ज्येष्ठ अभिनेते अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांनी दोनशेहून अधिक चित्रपटांत भूमिका केल्या. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ एवढी बातमी छापून येते आणि एक आयुष्य संपतं. ते दोनशे चित्रपट कोणते, कोणत्या साली, कोणासोबत, त्याआधी हा माणूस कुठे नोकरी करत होता, याचा त्यात पत्ता नसतो. पुढे काही वर्षांनी घरच्यांना विचारलं तर दहा-बारा नावांच्या पुढे यादी सरकत नाही.

ही आपली जुनी खोड आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. ते हॉटेलात आचारी होते आणि महिना १५ रुपयांवर फाळक्यांकडे आले, अशी गोष्ट सांगितली जाते. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या आणि पुढे ते कॅमेऱ्यामागेही गेले. भारतीय पडद्यावरची पहिली नायिका साकारणाऱ्या या माणसाबद्दल आपल्याकडे एक-दोन छायाचित्रं आणि पगाराचा आकडा आहे; घर, गाव, शेवटचे दिवस यांची नोंद कुणी केलीच नाही. फाळक्यांच्याच घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं मिसळत होत्या आणि सगळ्या चमूला जेवूही घालत होत्या. त्यांचंही नाव पडद्यावर नव्हतं.

म्हणून हा लेख. वडील, आजी, शेजारचे काका, गावातले जुने मेकअपमन, आकाशवाणीवरच्या निवेदिका, यांपैकी कुणाचं आयुष्य आणि कारकीर्द नीट नोंदवून ठेवावी असं वाटत असेल, तर काय करायचं ते क्रमानं सांगते. माझा भर एकाच गोष्टीवर आहे: आधी कामाची पक्की यादी, प्रत्येक ओळीमागे पुरावा, आणि गौरव सगळ्यात शेवटी. मराठीत गौरवपर लेख भरपूर आहेत. तारखा, पदं, कंपन्या आणि गावं सांगणाऱ्या नोंदी फार थोड्या आहेत.

कुणाची नोंद करायची

मोठ्या नटनट्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही जवळचं माणूस घ्या. साहाय्यक संकलक, ध्वनिमुद्रक, ड्रेसवाले, टोप बनवणारे, फाइट मास्टर, प्रॉडक्शन मॅनेजर, पोस्टर रंगवणारे, थिएटरचे ऑपरेटर, वृत्तपत्रात वर्षानुवर्षं चित्रपट परीक्षण लिहिणारे. कोल्हापूर, पुणे, मुंबईत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. गोव्यात तर वेगळाच खजिना आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची रचना करणारे कितीतरी जण गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन व्हायोलिन शिकले. अशा संयोजकांची नावं टायटलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या श्रेयनामावलीत, बहुधा आलीच नाहीत, पण त्यांच्या हातची नोटेशन्स घराघरांतल्या ट्रंकांमध्ये असू शकतात.

माणूस हयात असेल तर आजच सुरुवात करा. वयाची ऐंशी उलटलेल्या माणसाकडे ‘दिवाळीनंतर येतो’ म्हणून जाऊ नये.

पहिली पायरी : नावं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चित्रपटसृष्टीत एकेका माणसाची तीन-चार नावं असतात आणि पुढचा सगळा शोध त्यावर अवलंबून असतो. सुधीर फडके यांचं मूळ नाव राम. हंसा वाडकर म्हणजे रतन साळगावकर. भगवानदादांचं आडनाव पालव. बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री; हातातल्या कलेवरून ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसलं. लता मंगेशकरांनी १९६५च्या ‘साधी माणसं’ला संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावानं. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. हे प्रसिद्ध लोक म्हणून आपल्याला ठाऊक आहे. एखाद्या अप्रसिद्ध नर्तिकेचं लग्नाआधीचं नाव, कंपनीनं दिलेलं नाव आणि सासरचं नाव यांची सांगड घातली नाही, तर ती तीन वेगळ्या बायका म्हणून इतिहासात राहील, किंवा राहणारच नाही.

वहीचं पहिलं पान फक्त नावांना द्या. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, लग्नानंतरचं नाव, पडद्यावरचं नाव, घरचं लाडाचं नाव, सेटवर हाक मारायचे ते नाव. ‘मास्टर’, ‘बेबी’, ‘मिस’, ‘बुवा’, ‘अण्णा’ अशा उपाध्याही लिहा. जुन्या चित्रपटांची टायटलं पुष्कळदा रोमन लिपीत असत, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगचे जेवढे प्रकार सापडतील तेवढे नोंदवा. त्याच नावाचा दुसरा कलाकार होता का, हेही विचारा. दोघांची कामं एकमेकांच्या खात्यावर चढलेली असणं फार नेहमीचं आहे.

दुसरी पायरी : जन्म आणि मृत्यू

जन्मतारीख १ जून दिसली की थांबा. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीनं लिहिलेली ही तारीख हजारो दाखल्यांवर आहे. ती खोटी ठरवायचं कारण नाही; ‘शाळेच्या दाखल्यानुसार’ असं लिहून पुढचा पुरावा शोधायचा. घरात जन्मपत्रिका असेल तर तिथे शक, महिना, पक्ष आणि तिथी असते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण साधारण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या जन्माला ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. म्हणजे शके १८५०चा श्रावण हा १९२८ साली येतो आणि त्याच शकाचा माघ १९२९ साली. नेमकी तारीख जुन्या पंचांगावरून काढून घ्या. ख्रिस्ती कुटुंब असेल तर चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत पाहा. तिथे बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्माची तारीख या दोन वेगळ्या असतात, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

मृत्यूच्या बाबतीत नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला हाच आधार. वर्तमानपत्रातली बातमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची असते आणि बातमीची तारीखच मृत्यूची म्हणून पुढे चालत राहते.

तिसरी पायरी : कामांची यादी

हा या सगळ्या उद्योगाचा कणा. इथे वेळ घालवा.

मोठी वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. रकाने असे ठेवा: कामाचं नाव, भाषा, या व्यक्तीनं नेमकं काय केलं, दिग्दर्शक, निर्मिती संस्था, चित्रीकरण कुठे आणि कधी, सेन्सॉरचं साल, प्रदर्शनाचं साल, टायटलमध्ये नाव आहे का, आणि शेवटी ‘हे कशावरून’. हा शेवटचा रकाना कधीही मोकळा ठेवायचा नाही. ‘स्वतः चित्रपट पाहिला’, ‘चित्रपटाच्या गाण्यांच्या पुस्तिकेत छापलं आहे’, ‘पत्नीनं सांगितलं’, ‘फोटोवरून अंदाज’, जे असेल ते लिहा. पत्नीनं सांगितलेलंही मोलाचं असतं, फक्त ते छापील पुराव्यासारखं मांडायचं नाही.

सालांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं. ‘राजा हरिश्चंद्र’चा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये झाला आणि लोकांसाठी तो ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, प्रसंग वेगळे आहेत. ‘श्यामची आई’ १९५३चा चित्रपट, राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं १९५४मध्ये. ‘श्वास’ला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार २००३ या वर्षासाठीचा, जाहीर झाला २००४मध्ये. पुरस्काराचं वर्ष, जाहीर झाल्याचं वर्ष आणि प्रत्यक्ष समारंभाचं वर्ष अशी तिन्ही वेगळी असू शकतात, म्हणून तिन्ही लिहा.

दोन भाषांतल्या आवृत्त्यांकडेही लक्ष हवं. प्रभात फिल्म कंपनीनं एकच कथा मराठीत आणि हिंदीत अशी दोनदा चित्रित केली: ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. या डब केलेल्या प्रती नव्हत्या. काही वेळा नटही बदलले. ‘शेजारी’त गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त मझहर खान. त्यामुळे ‘दोन्ही भाषांत काम केलं’ असं गृहीत धरून लिहू नका, दोन्ही आवृत्त्या पाहून ठरवा. पाहता येत नसेल तर ज्या भाषेचा पुरावा आहे तेवढीच लिहा.

अर्धवट राहिलेले चित्रपट, डब्यात गेलेले, नाव बदलून लागलेले, हेही यादीत आलेच पाहिजेत. त्या माणसानं तिथेही दिवस घातलेले असतात आणि पुष्कळदा पैसे बुडालेले असतात. लघुपट, सरकारी अनुबोधपट, जाहिराती, जिंगल्स लोक सांगतच नाहीत, ते ‘काम’ वाटतच नाही. मुद्दाम विचारा.

नाटकाचं गणित निराळं. एकाच नाटकात भूमिका बदलत जातात, बदली कलाकार येतात. ‘अमुक नाटकात काम केलं’ यापुढे जाऊन कोणत्या संस्थेच्या संचात, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हे टिपा.

दूरदर्शन आणि आकाशवाणीसाठी वेगळं पान ठेवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. सुरुवातीच्या काळातलं कितीतरी प्रक्षेपण थेट होतं आणि टेपा महाग असल्यानं त्यांवर पुन्हा ध्वनिचित्रण व्हायचं. स्मिता पाटील यांनी तिथे बातम्या दिल्या हे सगळे सांगतात, पण एका वृत्तनिवेदिकेचं रोजचं काम कुठल्या संग्रहात जाऊन पाहणार? अशा वेळी कागदच बोलतात. आकाशवाणी हंगामी कलाकारांना प्रत्येक कार्यक्रमाचं करारपत्र देते. त्यावर कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, मानधन सगळं असतं. गायक-वादकांकडे ऑडिशन आणि श्रेणीची पत्रं असतात. पुणे केंद्र १९५३पासून आहे, त्यामुळे पुण्यातल्या जुन्या घरांत या पत्रांचे गठ्ठे मिळण्याची शक्यता चांगली. त्यातून जी कारकीर्द उभी राहते ती कुठल्याही आठवणीपेक्षा नेमकी असते.

चौथी पायरी : घरातले कागद

घरच्यांना ‘काही जुनं आहे का’ असं विचारलं तर ‘नाही हो, सगळं गेलं’ हेच उत्तर येतं. वस्तूंची नावं घेऊन विचारा. गाण्यांच्या पुस्तिका आहेत का? करारपत्रं? चित्रपट महामंडळाचं सभासद कार्ड? शुभारंभाची किंवा मुहूर्ताची निमंत्रणपत्रिका? पोस्टखात्याची पासबुकं, मनीऑर्डरच्या पावत्या, रोजनिश्या, आउटडोअरहून पाठवलेली पत्रं? सत्काराची मानपत्रं भिंतीवर असतात, त्यांचा उपयोग तारखेपुरता. मात्र वृद्ध कलावंत मानधनासाठी केलेला अर्ज कुणी फेकून देत नाही, आणि त्या अर्जाला कामाचे पुरावे जोडलेले असतात. कितीतरी लोककलावंत आणि छोटे नट यांच्या कारकिर्दीची एकमेव यादी त्या सरकारी फायलीतच असते.

या कागदांना एवढं महत्त्व का, ते समजून घ्या. भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ १९४८च्या दंगलीत जाळला गेला. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरची जुनी रिळं जळाली. मूकपटांपैकी तर बहुसंख्य आज अस्तित्वातच नाहीत. चित्रपट जिथे उरलेला नाही, तिथे चार आण्यांची पुस्तिका आणि एक सेटवरचा फोटो हाच त्या माणसाच्या कामाचा पुरावा असतो.

हाताळणीचे नियम थोडे, पण कडक आहेत. फोटो अल्बमला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर कधीच करायचं नाही. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका. मऊ शिसपेन्सिलनं अगदी हलकं लिहा. फोटो किमान ६०० डीपीआयला आणि कागद ३००ला स्कॅन करा, आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी लिहिलेली नावं मागेच असतात. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा. न काढण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

फिल्मचा डबा सापडला तर सावध राहा. १९५०च्या आसपासपर्यंतची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची असण्याची शक्यता असते. ती भयंकर ज्वालाग्राही असते आणि खराब झाली की उष्णतेनं आपोआपही पेटू शकते. डबा उन्हात, गॅसजवळ, बंद माळ्यावर ठेवू नका, रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका आणि थेट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधा. नंतरच्या काळातल्या ॲसिटेट फिल्मला शिरक्यासारखा आंबट वास येत असेल तर तिचा ऱ्हास सुरू झालेला आहे. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. कॅसेट आणि व्हीएचएस यांचं डिजिटल रूपांतर लवकर करून घ्या. टेप खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत.

पाचवी पायरी : माणसांशी बोलणं

कागद आधी, मुलाखत नंतर. उलट केलं तर तुम्ही ‘तुमच्या आठवणी सांगा’ एवढंच विचारू शकता आणि समोरचा माणूस आजवर प्रत्येक सत्कारात सांगितलेल्या त्याच चार गोष्टी सांगतो.

जाताना फोटोंच्या मोठ्या केलेल्या प्रती न्या. टेबलावर ठेवा आणि विचारा, ‘काका, हे तुमच्या डावीकडे कोण उभे आहेत?’ एका अनोळखी चेहऱ्याचं नाव निघालं की त्यापाठोपाठ कंपनी निघते, गाव निघतं, उतरायची धर्मशाळा निघते. ‘कसं वाटायचं’ हा प्रश्न टाळा. ‘सकाळी किती वाजता निघायचात, शिफ्ट किती तासांची, जेवण कोण द्यायचं, पैसे रोज मिळायचे की महिन्यानं, पहिल्या पैशांचं काय केलंत, काम शिकवलं कुणी, हत्यारं स्वतःची की कंपनीची,’ असे प्रश्न विचारले की माणूस सेटवर परत जातो. रंगभूषाकाराला सामानाची पेटी उघडून दाखवायला सांगा. संकलकाला हातानं जोड कसा द्यायचे ते करून दाखवायला सांगा. हे बोलणं व्हिडिओवर घ्या, कारण हातांना जे आठवतं ते शब्दांत येत नाही.

बायकांना वेगळं बसवून बोला. ‘मावशी, तुम्ही शूटिंगला जायचात तेव्हा मुलं कुणाजवळ असायची?’ या एका प्रश्नावर निम्मी कारकीर्द उलगडते. नटाच्या पत्नीला, ‘वहिनी, काम नसायचं तेव्हा घर कसं चालायचं?’ असं विचारा. शिवणकाम, खानावळ, मोडलेले दागिने, हे त्या चित्रपटांचं भांडवलच आहे आणि ते कुठल्याही टायटलमध्ये आलेलं नाही.

एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बसू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या जवळ मऊ कापडावर ठेवा, पंखा शक्यतो बंद करा, टीव्ही नक्की बंद करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचं पूर्ण नाव ध्वनिमुद्रणातच म्हणा. रेकॉर्ड करण्याची आणि छापण्याची परवानगीही तिथेच, त्यांच्या आवाजात घ्या, म्हणजे पुढे शंका राहत नाही. मधेच ‘हे बंद कर बाळा’ म्हणाले तर खरोखर बंद करा.

अवघड गोष्टी निघतील. दारू, कर्ज, दुसरं घर, निर्मात्यानं बुडवलेले पैसे, सेटवर झालेला अपमान किंवा त्याहून वाईट काही. तमाशातून पडद्यावर आलेल्या कलावतींच्या घरी तर समाजानं दिलेली वागणूक हा मोठा हळवा विषय असतो; मुलांना, नातवंडांना ती जुनी ओळख नको असते. माझा नियम असा: कामावर ज्या गोष्टीचा परिणाम झाला ती त्या व्यक्तीच्या किंवा वारसांच्या संमतीनं, साध्या शब्दांत लिहावी, ज्या गोष्टीचा कामाशी संबंध नाही ती लिहू नये. हयात असलेल्या तिसऱ्या माणसावरचा आरोप पुराव्याशिवाय कधीही छापू नये. ध्वनिमुद्रण मात्र पुसू नका. ते बंद करून ठेवायचं, कधी उघडायचं ते घरच्यांशी ठरवून लिहून ठेवायचं.

सहावी पायरी : बाहेरचे पुरावे

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली ते सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते हयातभर खपून उभं केलं. २०२२पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे. तिथे चित्रपटांखेरीज गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर्स, स्थिरचित्रं, सेन्सॉरची संहिता असं साहित्य आहे, जुन्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतीही आहेत. जाण्याआधी पत्र किंवा ईमेल पाठवून तुम्हाला नेमके कोणते चित्रपट, कोणती सालं पाहायची ती यादी द्या. ‘मराठी चित्रपटांवर काही दाखवा’ म्हणून गेलात तर हात हलवत परत याल.

वर्तमानपत्रांसाठी जुनी वाचनालयं गाठा: दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर. बातम्यांपेक्षा जाहिराती पाहा. चित्रपट कधी, कोणत्या थिएटरात लागला आणि कितव्या आठवड्यात होता हे जाहिरातीत स्पष्ट असतं. ‘रसरंग’, ‘चंदेरी’, ‘जी’ अशा नियतकालिकांचे अंक आणि दिवाळी अंक चाळा. छोट्या कलाकारांच्या मुलाखती तिथेच सापडतात. चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणारं सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचा. तारीख, भाषा, लांबी त्यावर असते. टायटलं तर एकेक चौकट थांबवून उतरून घ्या, ‘आभार’ची पाटीसुद्धा.

महाजालावर आयत्या मिळणाऱ्या यादीला सुरुवात म्हणून हरकत नाही, पण ती एकमेकांवरून उतरवलेली असते. पाच ठिकाणी तेच साल दिसलं म्हणून ते पाच पुरावे होत नाहीत.

ऐकीव गोष्टींचं काय करायचं

‘पहिला’, ‘पहिली’, ‘एकमेव’ हे शब्द आले की पेन खाली ठेवा आणि विचार करा. भारतातला पहिला कथाचित्रपट कोणता यावरच दोन बाजू आहेत. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ला लागला, म्हणजे फाळक्यांच्या आधी जवळपास वर्षभर. पण ते नाटकाचं चित्रीकरण होतं, म्हणून बहुतेक अभ्यासक मान फाळक्यांना देतात. अशा वेळी निकाल देण्यापेक्षा दोन्ही तारखा आणि वादाचं कारण लिहिणं जास्त उपयोगाचं असतं. ‘रौप्यमहोत्सवी चित्रपट’ म्हटलं की कोणत्या गावात, कोणत्या थिएटरात २५ आठवडे, हे शोधा. ‘अमुक नायकाला यांनीच संधी दिली’ हे वाक्य किमान तीन घरांत ऐकायला मिळतं. ते सांगणाऱ्याच्या नावानं, अवतरणात ठेवा.

तरीही आख्यायिका टाकून देऊ नका. सरस्वतीबाईंच्या कामाची कितीतरी माहिती घरच्या आठवणींतूनच पुढे आली आहे. आठवण ही आठवण म्हणून लिहिली की ती प्रामाणिकच असते.

सातवी पायरी : लिहिणं

आता लिहायला बसा. दोन मजकूर करा: एक पानभराची नोंद आणि एक सविस्तर लेख. पानभराची नोंद आधी, कारण वर्तमानपत्र, स्मरणिका, विश्वकोश, शाळेचा फलक सगळीकडे तीच लागते.

‘चित्रसृष्टीच्या नभांगणातला तारा निखळला’ अशी वाक्यं एकही ठेवू नका. ती कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणाचीच राहत नाहीत. फरक पाहा. एक लेखन असं: ‘त्यांनी अनेक नामवंत दिग्दर्शकांसोबत काम करून रंगभूषेच्या क्षेत्रात स्वतःचा ठसा उमटवला.’ दुसरं असं: ‘सुरुवातीची चार वर्षं ते कोल्हापुरात साहाय्यक होते. मुख्य काम दाढीमिशा लावायचं. क्रेपचे केस स्वतः विंचरून रंगवायचे. ऐतिहासिक चित्रपट कमी झाल्यावर ते मुंबईला गेले आणि पुढे निवृत्तीपर्यंत नाटकांच्या दौऱ्यांवर राहिले.’ दुसऱ्या मजकुरात कौतुकाचं एकही विशेषण नाही आणि माणूस समोर उभा राहतो.

क्रम काळाचाच ठेवा. गाव आणि घर, शिक्षण आणि पहिली नोकरी, या धंद्यात पाऊल कसं पडलं, शिकवणारे कोण, मुख्य कामं, रिकामे काळ, शेवटची वर्षं. रिकामे काळ गाळू नका. ‘१९७४ ते १९७९ काम मिळालं नाही, या काळात किराणा दुकान चालवलं’ हे वाक्य लाजिरवाणं मुळीच नाही. त्या वर्षांत मराठी धंद्याची अवस्था काय होती, हे पुढचा अभ्यासक त्यावरूनच ओळखणार आहे. निवडक दोन-तीन कामांवर थोडं थांबा. त्या प्रसंगात या माणसानं काय केलं आणि ते दुसऱ्यानं केलं असतं तर काय वेगळं दिसलं असतं, ते तुम्हाला खरोखर दिसलं असेल तर सांगा. सगळ्याच कामांचं कौतुक केलं की वाचकाला एकही लक्षात राहत नाही.

मसुदा घरच्यांना वाचून दाखवा, आणि त्याच काळातल्या एखाद्या सहकाऱ्यालाही. दोघांच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या येतील. घरच्यांना मान महत्त्वाचा वाटतो, सहकाऱ्याला तपशील. तारीख आणि कामाबाबत दोघांत मतभेद झाला तर पुराव्याकडे जा.

आठवी पायरी : जतन आणि वाटप

फायलींना नावं द्या: साल, चित्रपट, फोटोतली माणसं, मूळ वस्तू कुणाकडे. ‘फोटो १’, ‘फोटो २’ अशी नावं वर्षभरात निरुपयोगी होतात. तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी किंवा ऑनलाइन. शिवाय नोंदीची आणि कामाच्या यादीची छापील प्रत काढून गावच्या वाचनालयात, मूळ शाळेत आणि चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात द्या. मूळ वस्तू कुणाला द्यायच्या असतील तर पोच आणि अटी लेखी घ्या. तोंडी विश्वासावर दिलेले अल्बम परत येत नाहीत, हे कलाकारांच्या घरोघरी ऐकू येतं.

हक्कांचंही पाहा. आपल्या कायद्यानुसार छायाचित्र आणि चित्रपट यांचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि लेखन, गीत, संगीत यांचा त्या लेखकाच्या, गीतकाराच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. फोटो घरात आहे म्हणून तो छापण्याचा हक्क आपला असतोच असं नाही. स्टुडिओच्या छायाचित्रकाराचं नाव कळत असेल तर ते छापा, त्यालाही श्रेय देणारं कुणी नव्हतं. मराठी विकिपीडियावर लेख करणार असाल तर तिथे प्रकाशित संदर्भ लागतात आणि स्वतःच्या नातेवाइकावर लिहिताना फार तटस्थ राहावं लागतं. म्हणून आधी स्थानिक वृत्तपत्रात, दिवाळी अंकात किंवा स्मरणिकेत लेख छापून आणा, मग दुसऱ्या कुणाला तो आधार घेऊन लिहू द्या.

नोंदीच्या शेवटी ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते लिहा आणि ‘दुरुस्ती असल्यास कळवावे’ म्हणून संपर्कासाठी एक पत्ता द्या. लेख छापून आला की पहिल्या आठवड्यात फोन येतात: कुणी फोटोतला चौथा माणूस ओळखतं, कुणाकडे त्याच चित्रपटाची पुस्तिका असते. ते सगळं नाव आणि तारखेसह वहीत चढवा, यादीतल्या त्या ओळीचा ‘हे कशावरून’ रकाना दुरुस्त करा आणि वाचनालयात दिलेली प्रत बदलून या.